मान गुणांना, पैसा गरजेला

इंग्लंडमध्ये सिक्स्थ फॉर्म म्हणजे शाळेची शेवटची दोन वर्षे. सोळाव्या वर्षी जीसीएसई झाली की विद्यार्थी तीन, क्वचित चार विषय निवडतात, बारावे आणि तेरावे इयर त्याच विषयांत घालवतात आणि अठराव्या वर्षी ए-लेव्हलला बसतात. महाराष्ट्रातल्या अकरावी-बारावीसारखाच हा टप्पा आहे, आणि तिथेही या वळणावर बरीच मुले शाळा बदलतात. मुलींच्या फी घेणाऱ्या खासगी शाळा याच वेळी बाहेरच्या मुलींसाठी काही जागा उघडतात आणि त्यांच्यासोबत स्कॉलरशिपही जाहीर करतात. अकरावे इयर सुरू झाले की सप्टेंबर-ऑक्टोबरात नाव नोंदवायचे. लेखी परीक्षा आणि मुलाखत बहुधा नोव्हेंबरात होते आणि नाताळच्या सुमारास उत्तर येते. जागा मिळते तीही सशर्त. पुढच्या ऑगस्टमध्ये जीसीएसईच्या ठरलेल्या विषयांत ठरलेले ग्रेड, बहुधा ७ किंवा त्याहून वरचे, आले तरच ती पक्की होते.

पैशाची मदत दोन नावांनी मिळते. स्कॉलरशिप गुणांवर मिळते: अभ्यासातल्या, संगीतातल्या, चित्रकलेतल्या, नाटकातल्या किंवा खेळातल्या. तिच्यासाठी घरचे उत्पन्न कोणी विचारत नाही. रक्कम पुष्कळ शाळांत फीच्या पाच-दहा टक्क्यांच्या आसपास असते, काही ठिकाणी तर नुसता मान आणि नावापुरते पैसे. बर्सरी घरची परिस्थिती पाहून मिळते, आणि ती पूर्ण फीपर्यंत जाऊ शकते. काही शाळा तिच्यात गणवेश, जेवण, सहली आणि बसभाडेही धरतात. मराठीत या दोन गोष्टींना जुने, नेमके शब्द आहेत: शिष्यवृत्ती आणि नादारी. मागच्या पिढ्यांच्या आठवणींत पूर्ण नादारी आणि अर्धी नादारी यांचे उल्लेख जागोजागी येतात. पुढे सरकारी कागदांत नादारीच्या जागी ‘फ्रीशिप’ आली, पण जुन्या शब्दाला चिकटलेली लाज तशीच राहिली.

ती लाज इंग्लंडमधल्या मराठी घरांपर्यंतही पोचली आहे, आणि इंग्रज घरांत ती आधीपासून आहेच. स्कॉलरशिप कमावलेली, बर्सरी मागितलेली, असा हा समज आहे. त्यातून पुढची मते आपोआप निघतात. हुशार मुलीने स्कॉलरशिपसाठी झटावे, बर्सरीचा फॉर्म भरणे म्हणजे हात पसरणे. शाळेने गुणांना पैसे द्यावेत, कारण गुण निःपक्षपाती असतात. गरज मोजू गेले की खोटेपणा आणि चौकशी आली. आणि खरी हुशारी असेल तर ती आपली वाट काढतेच.

हा समज साफ चुकीचा आहे, आणि त्याने नुकसान होते. जिला पूर्ण फी माफ होऊ शकली असती ती मुलगी दहा टक्क्यांच्या स्कॉलरशिपसाठी अर्ज करते, ती मिळवतेही, आणि उरलेले नव्वद टक्के भरता येत नाहीत म्हणून जागा सोडून देते. बर्सरीची मुदत तोवर टळलेली असते, कारण बहुतेक शाळांत बर्सरीचा अर्ज नाव नोंदवतानाच किंवा त्यानंतर काही आठवड्यांत द्यावा लागतो. परीक्षेत नापास झाल्यामुळे नव्हे, तर एका चुकीच्या शब्दार्थामुळे तिचे शिक्षण बदलते.

स्कॉलर या शब्दाचा इतिहासच या समजाच्या विरुद्ध जातो. विल्यम ऑफ विकम या बिशपने १३८२ मध्ये विंचेस्टरची शाळा स्थापली ती सत्तर गरीब विद्यार्थ्यांसाठी. सहाव्या हेन्रीने १४४० मध्ये ईटन स्थापले, तिथेही सत्तरांचीच सोय होती. ज्याचा राहण्याजेवण्याचा आणि शिकण्याचा खर्च संस्था उचलते तो स्कॉलर. फी भरून शिकणारी श्रीमंत मुले त्याच शाळांत होती, पण त्यांना स्कॉलर म्हणत नसत. म्हणजे जो अर्थ आज बर्सरीला चिकटवला जातो, तोच स्कॉलरशिपचा मूळ अर्थ आहे. पुढच्या शतकांत या जागा ओळखीपाळखीने भरू लागल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे खुल्या स्पर्धा परीक्षा आल्या आणि वशिला हटला, हे चांगलेच झाले. पण परीक्षा होती लॅटिन आणि ग्रीकची. ती देण्याजोगा मुलगा तयार करायचा तर त्याला आधी काही वर्षे महागड्या तयारीच्या शाळेत घालावे लागे. परीक्षा सर्वांना खुली होती, तयारी मात्र विकत घ्यावी लागत होती. गरिबांसाठी बांधलेल्या जागांवर काही दशकांतच सुस्थितीतल्या घरांची मुले बसली, आणि तेही कोणताही नियम न मोडता.

मुलींच्या शाळांचा जन्म याच घडामोडीतून झाला, त्यामुळे हा प्रश्न त्यांना अधिक लागू पडतो. फ्रान्सिस मेरी बस यांनी १८५० मध्ये नॉर्थ लंडन कॉलेजिएट स्कूल काढले. चेल्टनम लेडीज कॉलेज १८५३ चे, आणि १८५८ पासून डोरोथिया बील त्याच्या प्रमुख होत्या. शाळांच्या चौकशीसाठी १८६४ मध्ये नेमलेल्या टॉन्टन आयोगापुढे या दोघींनी साक्ष दिली. जुन्या दानांचा पैसा जवळजवळ सगळा मुलांच्या शाळांकडे जातो आणि मुलींच्या वाट्याला काहीच येत नाही, हे आयोगाच्या कामातून उघड झाले. १८६९ च्या एंडाउड स्कूल्स कायद्यात त्यामुळे एक कलम आले: सोयीने जमेल तितका दानांचा लाभ मुलींपर्यंतही पोचवावा. पुढच्या दशकांत मुलींच्या कितीतरी शाळा या पैशावर उभ्या राहिल्या. जॉन कोलेट यांनी १५०९ मध्ये मुलांसाठी स्थापलेल्या सेंट पॉल्सच्या दानातून मुलींची शाळा निघाली ती १९०४ मध्ये, तब्बल ३९५ वर्षांनी.

त्याच कायद्याची दुसरी बाजू मुलींच्या शाळांच्या इतिहासात क्वचित सांगितली जाते. सरसकट मोफत शिक्षण म्हणजे पैशाची नासाडी, मोफत जागा परीक्षेतल्या गुणांवरच द्यावी, असे आयोगाचे मत होते. कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्यांनी ते अमलात आणले. गावोगावच्या ज्या शाळांत गरिबांची मुले जुन्या दानाच्या हक्काने फुकट शिकत, तिथे फी लागू झाली आणि मोफत जागा स्पर्धेतून मिळू लागल्या. त्या काळच्या कामगार पुढाऱ्यांनी यावर आरडाओरड केली, आणि त्यांचे बरोबर होते. मुलींना मिळालेला वाटा आणि गरिबांचा गेलेला हक्क एकाच कायद्यातून आले. म्हणून मुलींची शाळा जेव्हा ‘आमची स्कॉलरशिप केवळ गुणांवर’ असे अभिमानाने सांगते, तेव्हा ती आपल्या जन्मकथेची अर्धीच बाजू सांगत असते. गरजेची ही बाजू बस यांना कळत होती. पहिल्या शाळेची फी सगळ्यांना झेपणारी नाही हे पाहून त्यांनी १८७१ मध्ये कमी फीची दुसरी शाळा काढली, कॅम्डन स्कूल फॉर गर्ल्स.

नंतर विसाव्या शतकात जवळजवळ नव्वद वर्षे गरिबांच्या जागांची ही उणीव सरकारी पैशाने कमीअधिक भरून निघाली. १९०७ च्या नियमांनी सरकारी अनुदान घेणाऱ्या माध्यमिक शाळांवर पाव जागा मोफत देण्याचे बंधन घातले. सरकारकडून थेट अनुदान घेणाऱ्या डायरेक्ट ग्रँट शाळांचा काळ १९७० च्या दशकाच्या मध्यात संपला, १९८० च्या कायद्याने खासगी शाळेची फी सरकारने उचलण्याची असिस्टेड प्लेसेस योजना आली, आणि १९९७ मध्ये तीही बंद झाली. तेव्हापासून खासगी शाळेत गरीब मुलगी शिकणार असेल तर ती शाळेच्या स्वतःच्या पैशावर किंवा तिच्या देणगीदारांच्या पैशावर. तो पैसा मर्यादित आहे. त्यामुळे त्यातला किती हिस्सा गुणांना आणि किती गरजेला, हा वाद आज कागदावरचा राहिलेला नाही.

‘हुशारी आपली वाट काढतेच’ या वाक्याला उत्तर द्यायला नाशिकमध्ये जन्मलेल्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण पुरेसे आहे. कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये शिकल्या आणि १८८७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. इंग्लंडला जाऊन शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळावी इतके त्यांचे गुण होते. ती नाकारली गेली, कारण त्या स्त्री होत्या. त्या १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये पोचल्या त्या इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी काढली म्हणून. मेरी हॉबहाउस यांनी त्यात पुढाकार घेतला आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही हातभार लावला. १८९२ मध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा दिली, पदवी मात्र १९२२ मध्ये हातात पडली. त्यांच्या गुणांत काहीच कमी नव्हते. कमी होता पैसा, आणि तो कोणीतरी गरज ओळखून दिला. या वर्गणीला भीक म्हणण्याची हिंमत कोण करील?

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर थेट मुलींच्या खासगी शाळेतलेच आहे. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि पुढच्या वर्षापासून १८८६ पर्यंत चेल्टनम लेडीज कॉलेजमध्ये डोरोथिया बील यांच्याकडे होत्या. तिथे त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. मागे वाँटेजच्या ख्रिस्ती सिस्टर्सचा आधार होता. त्यांच्याजवळ काय आहे आणि काय नाही, हे दोन्ही एकाच वेळी पाहून ही व्यवस्था झाली होती. गुण आणि गरज यांना वेगवेगळ्या रांगांत उभे करण्याची गरज बील यांना वाटली नाही.

गुण मोजायची कसोटी निःपक्षपाती असते, हा दावा अधिक बारकाईने तपासावा लागतो, कारण तो प्रामाणिक माणसांचा दावा आहे. नोव्हेंबरातली संगीताची ऑडिशन जवळून पाहिली तर त्याचे उत्तर दिसते. मुलगी आत येते, मुख्य वाद्यावर दोन रचना वाजवते, मग दुसऱ्या वाद्यावर एक. स्केल्स होतात. कधी न पाहिलेल्या स्वरलेखनाचा कागद समोर येतो आणि अर्ध्या मिनिटात तो वाजवायचा असतो. परीक्षकांना संगीत परीक्षांच्या सातव्या-आठव्या ग्रेडची तयारी अपेक्षित असते. त्या खोलीत कोणी लबाडी करत नाही, प्रत्येक जण जे ऐकतो त्यालाच गुण देतो. पण आठवी ग्रेड म्हणजे बहुधा सात-आठ वर्षांची आठवड्याची शिकवणी, चांगले वाद्य, सरावाला घरात जागा, आणि शनिवारी मुलीला नेणारे-आणणारे कोणीतरी. दोन वाद्ये म्हटली की हे सगळे दुप्पट. सरकारी शाळेतल्या ऑर्केस्ट्रात उसन्या क्लॅरिनेटवर तीन वर्षांत पाचव्या ग्रेडला पोचलेल्या मुलीची झेप कदाचित मोठी असेल, पण ऑडिशनमध्ये झेप ऐकू येत नाही, उंची ऐकू येते. अभ्यासाच्या परीक्षेचेही थोड्याफार फरकाने असेच आहे. प्रश्नपत्रिका मुलगी ए-लेव्हलला जे विषय घेणार त्यांच्या असतात, आणि ज्या शाळेत गणिताचा शिक्षक वर्षात तीनदा बदलला तिथल्या मुलीला काही प्रश्न पहिल्यांदाच भेटतात.

म्हणून परीक्षा टाकून द्यावी, असे कोणी म्हणत नाही. ए-लेव्हल झेपेल की नाही हे शाळेला कळायलाच हवे, आणि ज्या मुलीने मेहनत केली तिचा गौरवही व्हायला हवा. आक्षेप त्या गौरवाला पैसे जोडण्यावर आहे. ऑडिशनला पोचेपर्यंतचा खर्च ज्या घराने सहज केला, त्याच घराला परीक्षेचा निकाल म्हणून फीतही सूट मिळते. आधी झालेल्या खर्चाची जणू परतफेडच.

आकडे मांडले की हे अधिक स्पष्ट होते. मुली रोज घरी जातात अशा शाळेची वर्षाची फी १८,००० पौंड धरू. देशभरच्या सरासरीजवळची ही व्हॅटपूर्वीची रक्कम आहे, लंडनमध्ये याहून बरीच जास्त असते. १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागला. शाळा स्वतःच्या पैशातून सूट देते तेव्हा तो कमी झालेल्या फीवर बसतो. दहा टक्के स्कॉलरशिप मिळालेल्या घराला १६,२०० आणि त्यावर ३,२४० व्हॅट, असे १९,४४० पौंड भरावे लागतात. म्हणजे स्कॉलरशिप मिळवूनही, व्हॅट येण्यापूर्वी स्कॉलरशिप नसलेले घर जितके भरत होते त्याहून जास्त. ज्याला हे झेपते त्याला मुळात स्कॉलरशिपची गरज नव्हती, आणि ज्याला झेपत नाही त्याला या स्कॉलरशिपचा काहीच उपयोग नाही. दहा टक्क्यांची पैशाची स्कॉलरशिप कोणाचाच निर्णय बदलत नाही. याउलट ७० टक्के बर्सरी मिळालेल्या घराला व्हॅटसकट ६,४८० पौंड पडतात, आणि पूर्ण बर्सरी असेल तर व्हॅटही शून्य. दहा मुलींना दहा-दहा टक्के वाटले की एका मुलीची पूर्ण फी खर्च होते. शाळांचे विश्वस्त दर वर्षी हा हिशेब पाहतात, आणि हाच पर्याय ते निवडत किंवा नाकारत असतात.

त्यावर विश्वस्तांचा नेहमीचा युक्तिवाद असा की आम्ही स्कॉलरशिपचे पैसे बंद केले तर हुशार मुली शेजारच्या शाळेत जातील, निकाल घसरतील, फी भरणारे पालक फिरकणार नाहीत आणि मग बर्सरीलाही पैसे उरणार नाहीत. भीती खोटी नाही, पण ती शाळेने शाळेशी लावलेल्या बोलीची भीती आहे, शिक्षणाची नाही. अनेक शाळांनी पूर्वी अर्ध्या फीपर्यंत जाणाऱ्या स्कॉलरशिप कमी करत दहा टक्क्यांवर आणल्या आणि त्या बुडाल्या नाहीत. शिवाय धर्मादाय संस्था म्हणून त्यांच्यावर एक बंधनही आहे. २००६ च्या कायद्याने ‘शाळा आहे म्हणजे लोकहित आहेच’ हे गृहीतक काढून टाकले. खासगी शाळांनी धर्मादाय आयोगाविरुद्ध लढवलेल्या खटल्यात २०११ मध्ये न्यायाधिकरणाने सांगितले की सोय कशी करायची हे विश्वस्तांनी ठरवावे, पण ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठीची सोय नावापुरती असून चालणार नाही. सुखवस्तू घरातल्या मुलीला दिलेली सूट या कसोटीला उतरत नाही, ती कितीही हुशार असली तरी.

गरजेला पैसा दिला की दर्जा घसरतो, या भीतीला लिव्हरपूलच्या बेल्व्हेडिअर या मुलींच्या शाळेने उत्तर दिले आहे. २००० मध्ये सटन ट्रस्ट ही धर्मादाय संस्था आणि ही शाळा चालवणारा गर्ल्स डे स्कूल ट्रस्ट यांनी मिळून तिथल्या वयाच्या अकराव्या वर्षीच्या प्रवेशाच्या सगळ्या जागा केवळ योग्यतेवर खुल्या केल्या, आणि फी घरच्या ऐपतीप्रमाणे ठरवली. शाळेची माणसे शहरातल्या प्राथमिक शाळांमध्ये जाऊन मुलींना अर्ज करायला सांगत. सुमारे तीस टक्के मुलींना पूर्ण माफी मिळाली, चाळीसेक टक्क्यांना अंशतः, बाकीच्यांनी पूर्ण फी भरली. त्या पद्धतीने आलेली पहिली तुकडी २००५ मध्ये जीसीएसईला बसली आणि शाळेने तोवरचा आपला सर्वोत्तम निकाल नोंदवला. २००७ मध्ये शाळा सरकारी अकॅडमी झाली आणि प्रयोग थांबला, तो पैशाच्या व्यवस्थेअभावी, गुणवत्तेअभावी नाही. मान आणि माफी एकाच मुलीला एकाच वेळी देता येते, हे तोवर सिद्ध झाले होते.

सर्वांत वजनदार आक्षेप बर्सरीच्या फॉर्मवर आहे, आणि त्याला घाईने उत्तर देणे अन्यायाचे होईल. हा फॉर्म बहुधा आठ-दहा पानांचा असतो. आईवडिलांचे पगार, करपत्रके, बँकेची काही महिन्यांची विवरणे, घराचे कर्ज, गाडी कोणती आणि कोणत्या वर्षाची, सुट्टीला कुठे गेलात, परदेशात मालमत्ता आहे का. काही शाळांतर्फे एक माणूस घरी येऊन कागद तपासतो. स्लाऊ किंवा हॅरोमधल्या मराठी घरात या फॉर्मपुढे खास अडचणी उभ्या राहतात. गावाकडच्या सातबारावर वडिलांचे नाव चुलत्यांसोबत आहे. वाटणी झालेली नाही, जमीन विकता येत नाही, उत्पन्नही हातात येत नाही, पण कागदावर मालमत्ता दिसते. दर महिन्याला आजीआजोबांच्या औषधपाण्याला पैसे जातात, त्यासाठी फॉर्ममध्ये स्वतंत्र ओळ सापडेलच असे नाही. आईचे दागिने ही बचत की स्त्रीधन, हे इंग्रज हिशेबनिसाला कळत नाही. मुलगी शेजारी बसून फॉर्म वाचते आणि घरचा पगार तिला पहिल्यांदा कळतो. या सगळ्यात अवघडलेपण आहे, ते नाकारता येत नाही.

पण ते अवघडलेपण माहिती देण्याचे आहे, अपराधाचे नाही. घरासाठी कर्ज काढताना हीच विवरणे बँकेला दिली जातात आणि कोणी मान खाली घालत नाही. व्हिसाच्या अर्जाला याहून जास्त कागद लागतात. मग मुलीच्या शिक्षणापाशीच लाज का वाटावी? गरज मोजण्यात चुका होतात हेही खरे. असिस्टेड प्लेसेस योजनेवरच्या अभ्यासांतून दिसले की लाभ घेणाऱ्यांत कामगार घरांपेक्षा, उत्पन्न कमी पण शिक्षणाचे वळण असलेल्या मध्यमवर्गीय घरांतली मुले बरीच होती. त्यावर उपाय बर्सरी बंद करणे हा नाही. उत्पन्नासोबत मालमत्ताही पाहणे, आणि ज्या शाळांतून अर्ज येतच नाहीत तिथे जाऊन अर्ज मागवणे, हा आहे. फॉर्मची भाषा साधी करणे, परदेशी कुटुंबांसाठी दोन ओळी वाढवणे आणि घरी येणाऱ्या माणसाला वागायची रीत शिकवणे, ही जबाबदारी शाळेची आहे. ती शाळेकडून मागून घ्यावी, फॉर्मच टाळू नये.

दुसऱ्या टोकाचे म्हणणे असे की हा सगळा खटाटोप कशाला, सरकारी सिक्स्थ फॉर्म मोफत आहे आणि चांगलाही आहे. केंब्रिजचे हिल्स रोड कॉलेज किंवा पूर्व लंडनमधली ब्रॅम्प्टन मॅनर यांचे निकाल पाहिले तर हे मान्य करावेच लागते. जिला जवळ असे कॉलेज आहे तिने खासगी शाळेच्या नावाला भुलू नये. पण अशी कॉलेजे सगळीकडे नाहीत, आणि मुलींच्या शाळेला काही बाबतीत खरे महत्त्व आहे. इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, आदल्या वर्षी इंग्लंडमधल्या सहशिक्षण देणाऱ्या सरकारी शाळांपैकी ४९ टक्के शाळांतून ए-लेव्हल भौतिकशास्त्राला एकही मुलगी गेली नव्हती. मुलींच्या शाळांतून हा विषय घेण्याचे प्रमाण कितीतरी जास्त होते. जिला भौतिकशास्त्र, फर्दर मॅथ्स किंवा ग्रीक शिकायचे आहे आणि जवळच्या शाळेत ते नाही किंवा त्या वर्गात ती एकटीच मुलगी असणार आहे, तिला ‘तुझ्यासाठी मोफत पर्याय आहे’ असे सांगून परत पाठवणे बरोबर नाही. खासगी शाळा हुशार मुली पळवतात आणि सरकारी वर्ग ओस पडतात, या तक्रारीतही तथ्य आहे. पण त्या मुलींत गरीब मुलगी क्वचितच असते. हा आक्षेप दहा टक्क्यांच्या स्कॉलरशिपला जितका लागू पडतो तितका पूर्ण बर्सरीला लागत नाही.

अर्ज करणाऱ्या घराने म्हणून क्रम उलटा लावावा. दहावे इयर संपण्यापूर्वी, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच, शाळेच्या प्रवेश कार्यालयाला बर्सरीविषयी विचारावे: सिक्स्थ फॉर्मला नव्याने येणाऱ्या मुलींना ती मिळते का, पूर्ण फीपर्यंत जाते का, तिच्यात फीखेरीज काय धरतात, आणि मुदत कोणती. काही शाळा सिक्स्थ फॉर्मला फार थोडा पैसा ठेवतात आणि वयाच्या अकराव्या वर्षीच्या प्रवेशालाच बहुतेक वाटून टाकतात. अशा शाळेसाठी परीक्षेची फी भरण्याआधी हे कळलेले बरे. ती परीक्षा फीही बर्सरी मागणाऱ्या घराला बऱ्याचदा माफ होते, पण मागावी लागते. कामाच्या व्हिसावर राहणाऱ्यांच्या मनात सरकारी मदत न घेण्याच्या अटीची धास्ती असते. त्या अटीतली यादी सरकारी भत्त्यांची आहे, खासगी शाळेने आपल्या पैशातून दिलेली बर्सरी तीत येत नाही. फॉर्ममध्ये जिथे जागा नाही तिथे वेगळा कागद जोडून सातबाराची आणि गावाकडे जाणाऱ्या पैशाची गोष्ट चार ओळींत, तारखा आणि रकमांसह लिहावी. लपवलेली जमीन नंतर सापडली तर जागा जाऊ शकते, समजावून सांगितलेली सहसा आड येत नाही.

स्कॉलरशिपचा अर्ज त्यानंतर, आणि तोही जरूर करावा. तिचा मान खरा आहे, शाळेच्या शिफारसपत्राबरोबर विद्यापीठाच्या अर्जात त्याचा उपयोग होतो, आणि बऱ्याच शाळांत स्कॉलरशिपवर बर्सरी जोडता येते. विषयांच्या प्रश्नपत्रिकांचे नमुने अनेक शाळा मागितल्यास देतात. मुलाखतीत पाठ केलेले उत्तर चटकन ओळखू येते. घ्यायच्या विषयातले वर्गाबाहेरचे काय वाचले किंवा करून पाहिले, हे विचारतात, तेव्हा साध्या गोष्टीवर खरे बोलणे पुरते. देकार आला की पत्रातल्या तीन गोष्टी नीट पाहाव्यात: बर्सरी दोन्ही वर्षांची आहे का आणि दर वर्षी तिचा फेरविचार कसा होतो, जागा राखण्यासाठीची अनामत कमी होते का, आणि जीसीएसईची अट नेमकी कोणत्या विषयांत आहे. जवळच्या सरकारी सिक्स्थ फॉर्मची जागा तोवर सोडू नये. ऑगस्टच्या निकालादिवशी सकाळी ग्रेड हातात आले की ते शाळेला कळवायचे, आणि बर्सरीच्या आकड्यासह पक्के पत्र आल्यावरच दुसरी जागा मोकळी करायची.